पपई समुद्रावरून आली, विषाणू इथलाच

भाद्रपदात मालवण, कुडाळ, सावंतवाडीकडच्या घरांत गणपतीच्या डोक्यावर माटवी बांधतात. लाकडी चौकटीला नारळ, सुपारीचे घोस आणि आंब्याचे टाळे लटकतात. त्यांच्या बरोबरीने तवसे, चिबूड, दोडकी, पडवळ आणि रानातून तोडून आणलेली कवंडाळाची तांबडी फळे असतात. या सजावटीतला मोठा वाटा एकाच कुळातल्या वेलांचा आहे. काकडी, चिबूड, दोडका, पडवळ, कवंडाळ ही वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने सगळी भावंडे. पावसाच्या चार महिन्यांत या किनाऱ्यावर परड्यात, मांडवावर, कुंपणावर आणि भरडावरच्या नाचणीत कोणते वेल वाढतात, याची नोंद या रिवाजाने वर्षानुवर्षे सांभाळली आहे. इतिहासाच्या अभ्यासकाने ही नोंद गांभीर्याने घ्यावी असे मला वाटते, कारण त्याच परड्यात, न्हाणीच्या पाण्यावर वाढलेल्या पपईच्या झाडाचा इतिहास तिच्याशी जोडलेला आहे. पपई अमेरिकेतून आली, हे सर्वांना ठाऊक आहे. तिच्यावरचा सर्वांत घातक रोग मात्र तिच्याबरोबर आला नाही. त्या रोगाचा विषाणू या उपखंडातल्या वेलांवर आधीपासून नांदत होता, आणि पपई इथे रुजल्यावर त्याने तिच्यात शिरकाव केला. हे सांगणारी बखर नाही, दफ्तर नाही. पुरावा आहे तो विषाणूच्या स्वतःच्या अंगातल्या विविधतेत.

आधी पपईच्या येण्याचा काळ ठरवू. मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतले हे झाड स्पॅनिश लोकांनी पॅसिफिक ओलांडून फिलिपिन्सला नेले. तिथे त्यांची वसाहत १५६५ मध्ये उभी राहिली. गोव्यात १५६३ साली छापलेल्या गार्सिया द ऑर्ताच्या संवादग्रंथात कलिंगडावर स्वतंत्र संवाद आहे, पपईवर नाही. यान व्हान लिन्शोटेन हा डच तरुण १५८३ ते १५८८ या काळात गोव्याच्या आर्चबिशपच्या पदरी लेखनिक होता. त्याचा प्रवासग्रंथ १५९६ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्यात पपई आहे. ती स्पॅनिश मुलखातून फिलिपिन्समार्गे मलाक्क्याला आणि तिथून भारतात आली, असे तो लिहितो. तिची नर आणि मादी झाडे वेगळी असतात, नराला फळ धरत नाही, हेही त्याने टिपले आहे. म्हणजे पंचवीसएक वर्षांच्या आत हे झाड गोव्यात बारकाईने पाहण्याइतके स्थिरावले होते. गोव्याहून तेरेखोलची खाडी ओलांडली की आजचा सिंधुदुर्ग सुरू होतो. त्या वेळी तो आदिलशाहीच्या अमलाखाली होता, पण मचवे आणि पडाव राज्यांच्या सीमा पाहून थांबत नसत. मूठभर बी कुणाच्या जकातीच्या वहीत चढत नाही आणि पपईला वर्षभरात फळ लागते. एका फळात शेकडो बिया. असे झाड एका परड्यातून दुसऱ्या परड्यात जायला बाजारपेठ लागत नाही, शेजार पुरतो.

आता त्या रोगाकडे येऊ. पपईच्या देठावर आणि कोवळ्या खोडावर काळपट हिरव्या, पाणी मुरल्यासारख्या रेघा उमटतात, पाने बोकडतात, काही वेळा पात्यांचे नुसते दोरे उरतात, आणि फळावर एकात एक वर्तुळे दिसू लागतात. शेतकरी ‘व्हायरस आला’ एवढेच म्हणतात. शास्त्रीय भाषेत हा पपईचा रिंगस्पॉट विषाणू. भारतातली त्याची पहिली शास्त्रीय नोंद आपल्याच मुलखातली आहे. पुण्यात काम करणाऱ्या एस. पी. कपूर आणि पी. एम. वर्मा यांनी १९४८ मध्ये मुंबई प्रांतातल्या पपईवरच्या मोझॅक रोगाचे वर्णन प्रसिद्ध केले. या विषाणूची दोन रूपे आहेत. एक काकडीवर्गीय वेलांवर जगते आणि पपईत शिरू शकत नाही. दुसरे पपईत शिरते आणि वेलांवरही जगू शकते. सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही सारखीच दिसतात, रक्तजलाच्या चाचणीत वेगळी काढता येत नाहीत. त्यांच्या आनुवंशिक मजकुराची लांबी सुमारे १०,३०० अक्षरे आहे, आणि पपईत शिरण्याची किल्ली त्यातल्या फार थोड्या जागेत आहे. तैवानमधल्या संशोधकांनी २००८ मध्ये दाखवले की विषाणूच्या एका विकरातले एकच अमिनो आम्ल बदलले, तरी पपई त्याच्यासाठी खुली किंवा बंद होऊ शकते.

एवढ्या लहान बदलाची शक्यता किती, हे कळायला विषाणूची नक्कल कशी होते ते पाहावे लागते. त्याचा मजकूर आरएनएचा आहे, आणि आरएनएची नक्कल करणाऱ्या विकराला आपली चूक परत तपासता येत नाही. साधारण दहा हजार ते लाख अक्षरांमागे एक चूक होते. म्हणजे दर काही प्रतींमागे एक प्रत मुळाहून वेगळी निघते. रोगट काकडीच्या एका वेलात अशा असंख्य प्रती एकाच वेळी असतात. आपण ज्याला ‘एक विषाणू’ म्हणतो, तो प्रत्यक्षात जवळच्या पण एकसारख्या नसलेल्या प्रतींचा समुदाय असतो. बहुतेक चुका मातीमोल होतात. पण त्या वेलावरून उठलेला पंखधारी मावा पपईच्या पानाला सोंड लावून पाहतो, आणि त्या क्षणी त्याच्या सोंडेत पपईला चालणारी एखादी प्रत असेल, तर घरबदलाला तेवढे पुरते. मावा पपईवर वस्ती करत नाही. तो उतरतो, चाखतो आणि उडून जातो. विषाणू घ्यायला आणि सोडायला त्याला काही सेकंद ते काही मिनिटे लागतात, आणि सोंडेतला विषाणू थोड्याच वेळात संपतो. म्हणून या रोगाच्या जन्मकथेत अंतर फार महत्त्वाचे आहे. वेल आणि पपई एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर असायला हवीत.

जहाजातून हा विषाणू का आला नसावा, याचेही उत्तर इथेच आहे. पपई बियांच्या रूपाने आली, आणि हा विषाणू व्यवहारात बियांमधून पुढच्या पिढीत जात नाही. माव्याच्या सोंडेत तो समुद्र ओलांडू शकत नाही. पॅसिफिकच्या प्रवासाला तेव्हा महिने लागत. जिवंत रोगट रोप इतके दिवस सांभाळून आणण्याचे कुणाला कारण नव्हते.

पण ‘तो तिकडून आला नसावा’ एवढ्याने ‘तो इथला आहे’ हे सिद्ध होत नाही. त्यासाठी विविधतेचा पुरावा लागतो. त्याचे तर्कशास्त्र कोकणी माणसाला समजायला अवघड नाही. एखाद्या घराण्याच्या मूळ गावी त्याच आडनावाचे अनेक घरवाडे सापडतात, त्यांच्यात पिढ्यान् पिढ्यांची अंतरे पडलेली असतात. मुंबईच्या चाळीत मात्र त्यांतले एकदोन भाऊच गेलेले असतात, आणि तिथली सगळी कुटुंबे त्या एकदोघांची निघतात. विषाणूचेही असेच असते. जिथे तो फार काळ राहिला, तिथे त्याच्या शाखा एकमेकींपासून दूर गेलेल्या दिसतात. जिथे नंतर पोहोचला, तिथे शाखा थोड्या आणि सारख्या असतात. ऑस्ट्रेलियात सापडलेल्या या विषाणूच्या नमुन्यांतला फरक अगदी थोडा आहे. भारतातल्या वेगवेगळ्या राज्यांतले नमुने २००४ मध्ये तपासले गेले, तेव्हा विषाणूच्या कवचप्रथिनाच्या जनुकात ११ टक्क्यांपर्यंत फरक आढळला. त्याआधी, २००२ मध्ये, ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी जगभरच्या नमुन्यांची वंशावळ मांडून हा विषाणू आशियात, बहुधा भारतीय उपखंडात, वेलांवरचा विषाणू म्हणून उगम पावला असा निष्कर्ष काढला होता. २०११ मधल्या आणखी एका अभ्यासाने त्याच्या भारतातल्या उगमाचा काळ सुमारे चारशे वर्षांपूर्वीचा धरला. त्याहून महत्त्वाची गोष्ट मला अशी वाटते की वंशावळीत पपईवरचे सगळे नमुने एका फांदीवर आणि वेलांवरचे दुसऱ्या फांदीवर, अशी विभागणी होत नाही. बऱ्याच ठिकाणी ते प्रदेशाप्रमाणे एकत्र येतात. पपईचा विषाणू आपल्या शेजारच्या वेलांवरच्या विषाणूशी जवळचा निघतो, दूरदेशीच्या पपईच्या विषाणूशी तितका नाही. पपईचे रूप एकदाच जन्मून जगभर फिरले असते, तर असे दिसले नसते.

यावर पहिला आक्षेप काळ मोजण्याच्या पद्धतीवर घेतला जातो, आणि तो योग्य आहे. विषाणूच्या मजकुरातले बदल हे घड्याळ समजायचे, तर ते सगळ्या काळात एकाच गतीने चालते का? थोड्या वर्षांचे नमुने घेतले की ही गती जास्त दिसते, लांबच्या काळात मोजली की कमी. पपईचा विषाणू ज्या मोठ्या गटात मोडतो, त्या गटासाठी २००८ मध्ये मांडलेला एक अंदाज असा आहे की वर्षाकाठी दर दहा हजार अक्षरांमागे साधारण एक बदल टिकून राहतो. दोन भारतीय नमुन्यांत ११ टक्के फरक असेल, तर प्रत्येकाच्या वाट्याला निम्मा, साडेपाच टक्के. त्या गतीने त्याला पाचशेच्या आसपास वर्षे लागतात. हा हिशेब शंभर-दोनशे वर्षे इकडे-तिकडे होऊ शकतो, हे मी मान्य करतो. पण त्याला दहावीस वर्षांवर आणायचे, तर गती कित्येक पटींनी वाढवावी लागेल, आणि तसे करण्यासारखा पुरावा दिसत नाही. शिवाय माझा युक्तिवाद नेमक्या सालावर उभा नाही. चारशे असो की सहाशे, विषाणूची इथली वस्ती पपईच्या आगमनाच्या काळाला किंवा त्याच्याही मागे जाऊन भिडते. भारतातले नमुने जास्त तपासले म्हणून इथली विविधता जास्त दिसते, अशीही शंका घेतात. मग ज्या देशांत पपई हे मोठे निर्यातपीक आहे आणि जिथे या विषाणूवर दशकानुदशके काम झाले, तिथेही तितकीच विविधता सापडायला हवी होती. हवाईसारख्या ठिकाणी ती सापडत नाही.

दुसरा आक्षेप इतिहासाच्या बाजूने येतो आणि तो मला अधिक वजनदार वाटतो. लिन्शोटेनच्याच म्हणण्याप्रमाणे पपई भारतात येण्याआधी फिलिपिन्स आणि मलाक्क्याला पोहोचली होती. मग विषाणूने उडी तिथेच का घेतली नसेल? याचे उत्तर नंतरच्या सालांत आहे. तैवानमध्ये आणि थायलंडच्या ईशान्य भागात हा रोग १९७५ मध्ये नोंदला गेला. फिलिपिन्समध्ये तो १९८२ मध्ये कावीते प्रांतात दिसला आणि दक्षिण लुझोनमधल्या बागा त्याने साफ केल्या. मलेशियात तो १९९१ मध्ये जोहोरला आला. यांतल्या काही ठिकाणी पपई चारशे वर्षे जगली आणि रोगाची एवढी मोठी लाट अगदी अलीकडे आली. हाच आक्षेप भारतावर उलटवता येतो. इथलीही नोंद १९४८ चीच आहे, मग भारताला वेगळा न्याय कसा? फरक विविधतेचा आहे. जिथे रोग नुकता येतो, तिथे तो थोड्या शाखांनिशी येतो. भारतात तो दृष्टीस पडला तेव्हाच फाटलेला, पसरलेला होता. आणि १९४८ हे साल रोगाच्या जन्माचे नव्हे, पाहणाऱ्यांच्या जन्माचे आहे. विषाणू नावाची गोष्ट असते हेच मुळी १८९० च्या दशकात तंबाखूच्या रोगावरून कळू लागले. मुंबई इलाख्यात जी. एस. कुलकर्णी यांनी पिकांवरच्या मोझॅक रोगांवर १९२४ मध्ये लिहिले. भेंडीवरच्या केवड्याचा नीट अभ्यास उप्पल, वर्मा आणि कपूर यांनी १९४० मध्ये पुढे आणला. त्याच पुणेकर मंडळींची नजर मग पपईवर गेली. त्याआधीच्या तीनशे वर्षांत परड्यातली एखादी पपई बोकडून मेली, तर ती बातमी नव्हती. चार-पाच वर्षांत ते झाड तसेही थकते, आणि उकिरड्यावर दुसरे आपोआप उगवलेले असते.

तिसरी शंका शेतात काम करणारे घेतील. आजच्या बागांत रोग पपईकडून पपईकडे जातो, काकडीच्या वेलाकडून क्वचितच, मग वेलांना दोष कशाला? निरीक्षण बरोबर आहे. साथ पसरवायला रोगट पपईच पुरते, आणि ते काम ती वेलांपेक्षा कितीतरी जास्त जोमाने करते. पण साथ आणि उगम या दोन वेगळ्या घटना आहेत. साथीला रोज हजारो संक्रमणे लागतात, उगमाला शेकडो वर्षांत एखादे पुरते. क्वीन्सलंडचे उदाहरण याच बाबतीत बोलके आहे. तिथे वेलांवरचे रूप आधीपासून नोंदलेले होते. १९९१ मध्ये पपईवरचा रोग अचानक दिसला, तेव्हा तो बाहेरून आला असेल असेच वाटण्यासारखे होते. मजकूर तपासल्यावर तो तिथल्याच वेलांवरच्या विषाणूपासून झालेला निघाला. आपल्या किनाऱ्यावर सोळाव्या-सतराव्या शतकात जे घडले असावे असे मी म्हणतो, ते विसाव्या शतकाच्या अखेरीस शास्त्रज्ञांच्या डोळ्यांसमोर दुसरीकडे घडले.

आता ‘किनारा’ या शब्दावर अडवणूक व्हायला हवी. जनुकीय पुरावा ‘भारतीय उपखंड’ म्हणतो, ‘मालवण’ म्हणत नाही. बरोबर. पण उपखंडात पपई सर्वांत आधी लिखितात दिसते ती गोव्यात, आणि उडीसाठी लागणारी परिस्थिती गोवा ते मालवण या पट्ट्यात जितकी दाट होती, तितकी दख्खनच्या कोरड्या पठारावर नव्हती. काकडीचे मूळ भारतातले. दोडका, घोसाळी, पडवळ इथलेच. खरबुजाच्या कुळातही भारताचा वाटा मोठा आहे, आणि २०१० मधल्या एका वंशावळीच्या अभ्यासाने काकडी व खरबुजाचे अनेक रानटी नातलग आशिया-ऑस्ट्रेलियात असल्याचे दाखवले. चिबूड हा त्याच कुळातला कोकणचा पावसाळी प्रकार. म्हणजे पोर्तुगीज येण्याच्या कितीतरी आधी विषाणूला लागणारे यजमान इथे दाटीने होते. त्यात कोकणच्या घराची ठेवण अशी की खळे, मांडव, विहीर, न्हाणी आणि परडे हे सारे एका कुंपणात. मांडवावर पडवळ आणि दोडकी, गडग्यावर तोंडलीचा बारमाही वेल, गडग्यापलीकडे रानातला कवंडाळ, आणि पाण्याच्या ओलीवर पपई. वेल पावसाबरोबर उगवतात आणि कार्तिकापर्यंत सुकतात. तोंडली, कवंडाळ असे बारमाही वेल मधल्या कोरड्या महिन्यांत विषाणूला आसरा देऊ शकतात. पपई तर बाराही महिने उभीच असते. मावा उतरून चाखून उडतो, त्याच्या एका झेपेत हे सगळे यजमान येतात. मी मालवणच्या एका परड्याकडे बोट दाखवून ‘इथेच’ म्हणत नाही. अशी उडी पुन्हा पुन्हा घडण्यासारखी जमीन या किनाऱ्यावर शेकडो वर्षे तयार होती, एवढे मी ठामपणे म्हणतो.

सिंधुदुर्गातल्या बागायतदाराला हा प्रकार अनोळखी वाटू नये. काजू ब्राझीलचा, पोर्तुगिजांबरोबर आलेला. पण काजूच्या कोवळ्या पालवीचा आणि मोहोराचा रस शोषणारा ढेकण्या दक्षिण भारतातला मूळ रहिवासी आहे. खोड पोखरणारा रोठाही इथलाच. पाहुण्या झाडाला मुळातले शत्रू मागे राहिल्याचा फायदा काही काळ मिळतो, मग यजमान देशातले कोणीतरी त्याला शोधून काढते. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राची १९५७ पासूनची मेहनत वाणांच्या निवडीइतकीच या इथल्या शत्रूंशीही झगडत आली आहे. जगात इतरत्रही तेच. पश्चिम आफ्रिकेत नेलेल्या कोकोला तिथल्या जंगली झाडांवरचा विषाणू लागला आणि घानात त्यापायी कोट्यवधी झाडे तोडावी लागली. आफ्रिकेतल्या मक्याला रेघांचा रोग तिथल्या गवतांनी दिला. कोलंबसानंतर पिकांची जी जगभर देवघेव झाली, तिचा इतिहास आपल्याकडे बहुधा येणाऱ्या मालाची यादी म्हणून लिहिला जातो. मिरची आली, काजू आला, अननस आला, पपई आली. या यादीत हा किनारा नुसता घेणारा दिसतो. त्या नवागतांना इथल्या मातीने, किड्यांनी आणि विषाणूंनी काय केले, हे यादीत येत नाही. विषाणूची वंशावळ ती उलटी बाजू दाखवते, आणि कागदपत्रे जिथे गप्प आहेत नेमके तिथे दाखवते. म्हणून तिला इतिहासाचे साधन मानायला हवे.

उगम कळून उपयोग काय, असे कुणी विचारले तर हवाईची हकीकत सांगावी लागेल. तिथे ओआहू बेटावर १९४० च्या दशकात रोग माजला, तेव्हा बागा मोठ्या बेटावरच्या पुना भागात हलवल्या गेल्या. पुनातही तो १९९२ मध्ये पोहोचला. डेनिस गोन्साल्विस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विषाणूच्या कवचप्रथिनाचे जनुक पपईतच घातले, आणि ‘सनअप’ व ‘रेनबो’ ही वाणे १९९८ मध्ये शेतकऱ्यांच्या हाती दिली. हवाईची पपई वाचली. पण या प्रतिकाराची एक अट आहे. झाड विषाणूचा मजकूर ओळखून तो कापून टाकते, म्हणून समोरचा मजकूर झाडात घातलेल्या मजकुराशी पुरेसा जुळावा लागतो. हवाईत विषाणू एकजिनसी होता, म्हणून उपाय चालला. ब्राझील किंवा थायलंडच्या नमुन्यांसमोर ‘रेनबो’ टिकली नाही. भारतात जनुकांतरित पपई लागवडीत नाही. उद्या आणायची म्हटली, तरी एका ठिकाणचा विषाणू पाहून केलेली पपई दुसऱ्या जिल्ह्यात पडू शकेल. पुण्यातल्या एका कृषी संशोधन केंद्रात रोग सहन करणाऱ्या पपईच्या निवडी केल्या गेल्या. पपईच्या दक्षिण अमेरिकी रानटी नातलगांत रोगप्रतिकार आहे आणि संकरातून तो आणण्याचे प्रयत्न अनेक देशांत झाले. या वाटा मला जास्त भरवशाच्या वाटतात, कारण त्या विषाणूच्या एका विशिष्ट मजकुरावर विसंबत नाहीत.

या दरम्यान पीक बदलले. परड्यातली पपई बियांची, प्रत्येक झाड थोडे वेगळे. खानदेशातल्या बागांत एकाच तैवानी संकरित वाणाची हजारो झाडे शेजारी शेजारी उभी असतात. यजमान एकसारखा आणि विषाणू बहुरूपी, ही जोडी विषाणूच्या सोयीची आहे. कोकणातही आता ठिबकावर वर्षभर काकडी, कलिंगड, दुधी घेता येतात. पाऊस संपल्यावर वेल सुकत आणि विषाणूचे बरेच यजमान एकदम नाहीसे होत, ती मोकळीक त्यामुळे आखडत चालली आहे. पपईच्या बागेजवळ काकडीवर्गीय पिके घेऊ नयेत असा सल्ला कृषी खाते देते, आणि तो पाळावा. पण तो व्यापारी बागेसाठी आहे. परड्यातून तवशाचे, चिबुडाचे वेल काढून टाकावेत असा अर्थ त्यातून कुणी काढू नये. त्या वेलांवरच्या विषाणूची विविधता हा या रोगाचा सर्वांत जुना थर आहे, आणि पपईचे कुठलेही नवे वाण कसाला लावायचे, तर ते या थराच्या विरुद्ध लावावे लागेल. बागेतला विषाणू हा निवडून आलेला, पपईत मुरलेला विषाणू असतो. पुढची उडी कुठल्या शाखेतून येईल, हे त्याच्यावरून कळत नाही. त्यासाठी श्रावण-भाद्रपदात मालवण, वेंगुर्ले, दोडामार्गच्या परड्यांतून काकडी, पडवळ, तोंडली आणि रानवेलांची पाने गोळा करून त्यांतले विषाणू वाचावे लागतील, आणि नवी रोपे त्याच वेलांच्या शेजारी लावून किमान दोन पावसाळे पाहावी लागतील.